बंगल्यावरच्या फ्रीजमधला लाल बर्फ

मटण खराब झालं की नाकाला कळतंच, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे आधी वाचावं. मलाही तसंच वाटायचं. माझ्याजवळ बी.एस्सी.ची पदवी होती, सॅनिटरी इन्स्पेक्टरचा डिप्लोमा होता आणि नाकही शाबूत होतं. तरी मी चुकलो. नाकाने चुकलो असतो तर एवढं वाईट वाटलं नसतं.

माझी सगळी नोकरी यवतमाळ जिल्ह्यात झाली. सॅनिटरी इन्स्पेक्टर म्हणजे गटारं तपासणारा माणूस, अशी लोकांची समजूत असते. आमच्याकडे गटाराला नाली म्हणतात. तोंडावर लोक मला साहेब म्हणत आणि पाठ फिरली की नालीवाला. खरं म्हणजे नाली हा आमच्या कामाचा लहानसा भाग. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकणं, जत्रेतली उघडी मिठाई उचलणं, देवीची लस टोचून घ्यायला लोकांना घराबाहेर काढणं, आणि बाजारातलं मटण पास करणं, हे सगळं आमच्याकडे.

मटण पास करायची रीत साधी आहे. बोकड कापायच्या आधी चालताना पाहायचा. कापल्यावर काळीज आणि फुप्फुस पाहायचं. टांगलेल्या मटणावर बोट दाबायचं, खड्डा लगेच भरून आला तर ताजं. मग एक बारीक लांब सुरी मांडीत हाडापर्यंत घालायची, काढायची आणि पातं नाकाशी धरायचं. वरचं मटण पुसून चकचकीत करता येतं, हाडाजवळचं पुसता येत नाही. पास असेल तर शिक्का मारायचा. नापास असेल तर त्याला सुरीने चिरा पाडायच्या, वरून फिनाईल ओतायचं आणि खड्ड्यात पुरायचं. यातलं फिनाईल सगळ्यात महत्त्वाचं. नुसतं 'फेकून द्या' म्हणून निघून आलं तर ते मटण फेकलं जात नाही, कोणाच्या तरी घरी जातं. डिप्लोमाला आम्हाला शिकवणारे गृहस्थ ही गोष्ट इतक्या वेळा सांगत की आम्ही त्यांची नक्कल करायचो.

आता थोडं माझ्या घराबद्दल सांगतो, कारण पुढचं त्याशिवाय समजणार नाही.

माझं गाव नेरजवळ. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. मांस टिकवण्याचं पहिलं शिक्षण मला कॉलेजात मिळालं नाही, मायजवळ मिळालं. गावात कोणाचं ढोर मेलं की ते ओढून नेणं हे आमच्या लोकांचं काम, आणि त्याचं मांस हा त्या कामाचा मोबदला. एवढं मांस एका दिवसात संपत नाही. मग माय त्याच्या लांब, पातळ पट्ट्या कापायची, मीठ-हळद लावायची आणि अंगणात दोरीवर वाळत घालायची. त्यांना चान्या म्हणत. चैत्राच्या उन्हात तीन दिवसांत त्या एकमेकींवर आपटल्या की लाकडासारख्या वाजायच्या. "जाड नोको कापू, अंदर ओल राह्यते," ती म्हणायची. पुढे कॉलेजात शिकलो की जंतूंना जगायला पाणी लागतं, तेव्हा मला मायची दोरी आठवली. तिने ऊन देऊन पाणी काढून घेतलं होतं. वर्गात मात्र मी हे उदाहरण दिलं नाही.

छप्पन सालच्या दसऱ्याला नागपूरला दीक्षा झाली. माझे वडील आणि काका जाऊन आले. आल्यावर आमच्या लोकांनी मेलेलं ढोर ओढायचं सोडलं आणि ते मांसही सोडलं. मी तेव्हा यवतमाळला मॅट्रिकच्या वर्गात होतो. सुट्टीत घरी गेलो तर अंगण उघडं उघडं वाटलं. दोरी नव्हती. मायने तिचं शेळीसाठी दावं केलं होतं. मला म्हणाली, "आता कोनी देल्लेलं नाई खायचं. इकत घेऊ, नाईतं भाजी खाऊ." हे वाक्य मी नोकरीत कधीच विसरलो नाही, असं लिहायला मला आवडलं असतं.

साठ साल उलटून काही वर्षं झाली होती तेव्हा मी राजूर भागातल्या एका कोळशाच्या खाणीवर कामाला लागलो. टेकाडावर साहेब लोकांचे बंगले, उतारावर दवाखाना आणि माझी खोली, खाली कामगारांच्या घरांच्या रांगा. त्यांना लेबर लाइन म्हणत. मॅनेजर साहेबांच्या बंगल्यात फ्रीज होता. मी आयुष्यात पाहिलेला पहिला फ्रीज तो. त्याला कुलूप होतं, आणि किल्ली बाईसाहेबांच्या कमरेला असे.

बंगल्यावरचा स्वयंपाकी सोमला. पुसदकडच्या तांड्यावरचा बंजारा, पन्नाशीचा, मिशा पिळदार. घरच्यांशी गोरबोलीत बोलायचा, आमच्याशी वऱ्हाडीत, आणि मटण असं करायचा की वणीचे डॉक्टर निमित्त काढून खाणीवर यायचे. फ्रीजला तो पेटी म्हणे.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी हा सोमला दुपारी माझ्या खोलीवर आला आणि दाराशीच उभा राहिला.

"साहेब, पेटीतलं मटन पंघळलं अन् पुन्हा गोठलं, तं चालते काय?"

"काहून? काय झालं?"

"तुमी आधी सांगा न."

"पंघळून किती वेळ होतं?"

त्याने बोटं मोजली. "मंगळवारची दोपार, बुधवारचा पुरा दिवस."

मग सगळं सांगितलं. रविवारी बंगल्यावर पार्टी होती, कंपनीचे मोठे साहेब येणार होते. बाईसाहेबांनी सोमवारीच वणीहून बोकडाच्या दोन मांड्या आणि खिमा आणवला, बर्फाच्या कप्प्यात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन त्या नागपूरला गेल्या. मंगळवारी सकाळी खाणीच्या पॉवरहाऊसमधलं एक इंजिन बंद पडलं. उरलेल्या इंजिनाची वीज खाणीतलं पाणी उपसायच्या पंपांना दिली, कारण पंप थांबले तर खाण बुडते. बंगल्यांची लाइन तोडली. ती बुधवारी दिवस मावळताना परत आली. गुरुवारी सकाळी बाईसाहेब आल्या, कुलूप उघडलं, आत सगळं दगडासारखं घट्ट.

"मंगळवारी पेटीच्या खालून पानी निंगालं," सोमला म्हणाला. "बुधवारी निंगालं थे लाल. मी फडक्यानं पुसलं. किल्ली कोनापाशी मांगू?"

"मग बाईसाहेबांना सांग ना."

"सांगतलं तं म्हनते, मी नव्हती तं तूच काहीतरी केलं. मांगचा सैपाकी दोन अंड्यापायी गेला, साहेब. अन् नाई सांगतलं तं रविवारी मलेच शिजवा लागते. बाहेरून आलेले मानसं, कोनाले काही झालं तं?" त्याने मागे वळून बंगल्याकडे पाहिलं. "तुमी सहज आल्यासारखे या न. तुमीच पाहा, तुमीच बोला. माह्यं नाव घेऊ नोका."

हे मला पटलं. शुक्रवारी सकाळी मी पाण्याची टाकी तपासायच्या निमित्ताने बंगल्यावर गेलो. टाकी पाहिली, स्वयंपाकघर पाहिलं, आणि आता आलोच आहे तर फ्रीजही पाहतो म्हणालो. बाईसाहेबांनी कौतुकाने कुलूप काढलं.

"बघा, दगड झालाय नुसता," त्या म्हणाल्या. त्या पुण्याकडच्या होत्या. "बर्फात ठेवल्यावर काय खराब होणार?"

मी सुरी काढली. ती आत जाईना. नाक जवळ नेलं तर थंडीशिवाय काही लागेना. गोठलेल्या वस्तूला वास नसतो, हे मला त्या दिवशी कळलं. आमची सगळी विद्या टांगलेल्या मटणाची. माझ्या सुरीने आणि माझ्या नाकाने ते मटण पास झालं असतं.

मग मी पुडकं उचलायला गेलो तर ते उचलेना. खाली चिकटलं होतं. सोमलाने उलथनं घालून ते सोडवलं आणि खाली ट्रेमध्ये बोटभर जाडीचा लाल बर्फ निघाला, आरशासारखा सपाट. गोठलेल्या मटणातून असं रक्त वाहत नाही. ते वाहून, पसरून, साचून मग गोठलं, याचा अर्थ मधे बर्फ वितळून ते पूर्ण सुटलं होतं. शेजारच्या साच्यातल्या बर्फाच्या वड्यांचीही एकमेकींत मिसळून एकच ढेप झाली होती. मी ते बाईसाहेबांना दाखवलं. मंगळवार-बुधवार वीज नव्हती हे दवाखान्यातही सगळ्यांना ठाऊक होतं, तेव्हा सोमलाचं नाव घ्यायची वेळच आली नाही.

आज घरोघरी फ्रीज आहेत, आणि माझ्या ओळखीतल्या शिकलेल्या बायासुद्धा मला हेच विचारतात, म्हणून इथे सांगून टाकतो. थंडीने जंतू मरत नाहीत, झोपतात. मटण सुटलं, गरम झालं, की ते उठतात आणि वाढतात. परत गोठवलं की वाढलेले सगळे पुन्हा झोपतात, कमी होत नाहीत. म्हणून प्रश्न मटण सुटलं की नाही हा नसून कुठे सुटलं हा आहे. फ्रीजच्या खालच्या थंड कप्प्यात रात्रभर ठेवून सुटलेलं, अजून गार असलेलं मटण दुसऱ्या दिवशी परत वर ठेवलं तर बिघडत नाही. चव थोडी जाते, पाणी सुटतं, एवढंच. ओट्यावर ठेवून सुटलेलं परत ठेवू नये, आणि आपल्या उन्हाळ्यात तर तासाभराच्या वर बाहेर राहिलेलं खाऊसुद्धा नये. वीज गेली तर दार उघडून पाहू नका, बंद राहू द्या. आली की मग पाहा. आत अजून बर्फाचे कण असतील तर चालतं, मऊ आणि कोमट असेल तर टाका. आणि ठेवतानाच एका वेळेला लागेल तेवढ्याच चपट्या पुड्या करून ठेवा, म्हणजे अर्धं सोडवायचं आणि अर्धं परत कोंबायचं हा प्रकारच होत नाही. माय पातळ कापायला सांगायची, त्यातलंच हे.

हे सगळं मी त्या दिवशी बाईसाहेबांना सांगायला हवं होतं. मी फक्त "हे खाण्यास अयोग्य आहे" एवढं म्हणालो.

त्यांनी ते लगेच मानलं. "बरं झालं बाई तुम्ही पाहिलंत. रविवारी अब्रूच गेली असती," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "बसा ना. चहा घेऊन जा. तुम्ही बी.एस्सी. आहात म्हणे, साहेब सांगत होते."

त्यांनी मला व्हरांड्यात नाही, आत बसवलं. वेताची खुर्ची, गादी घातलेली. सोमलाने चहा आणला, कपबशीत, कपाला सोनेरी कड. आमच्या गावात वरच्या आळीतल्या घरी चहा मिळाला तर तो अंगणात, कान तुटलेल्या कपात, आणि तो कप आपणच विसळून वळचणीला खोचून ठेवायचा. मी ते करूनच मोठा झालो होतो. इथे बाईसाहेब समोर बसून माझ्या कॉलेजची चौकशी करत होत्या. मीही सांगत होतो. केमिस्ट्रीत किती मार्क पडले तेही सांगितलं.

फिनाईलची बाटली बाहेर सायकलच्या पिशवीत होती. मी म्हटलं, "त्यावर फिनाईल टाकून पुरावं लागेल."

"अहो, माझ्या बागेत फिनाईल? वास जाणार नाही आठ दिवस. तुम्ही नका काळजी करू, मी करते विल्हेवाट."

सोमला मटणाचा ट्रे घेऊन उभा होता. तो माझ्याकडे पाहत होता.

मी "बरं" म्हणालो. कागदावर 'खाण्यास अयोग्य' असं लिहून, सही करून दिली, आणि दुसरा कप घेतला.

दुपारी अडीचच्या सुमारास सोमला डोक्याला दुपट्टा गुंडाळून खोलीवर आला. घामाने निथळत होता.

"साहेब, तुमची चिठ्ठी टेबलावर राह्यली अन् मटन लाइनीत गेलं."

"कोणी नेलं?"

"मीच नेलं. अकरा वाजता. बाईसाहेबानं भांड्यात भरलं, वरतं जाळीचा रुमाल टाकला, म्हने भागीबाईकडे नेऊन दे, त्यांना पचतं. मी म्हनलं इन्स्पेक्टर साहेब नाई म्हनून गेले. तं म्हने, ते आपल्यासाठी, हे लोक दणकट असतात." त्याने दुपट्ट्याने तोंड पुसलं. "आत्ता सुट्टी झाली तसा पयत आलो. तुमी तवाच त्याच्यावर टाकलं असतं तं?"

मी सायकल काढली.

भागीबाई बंगल्यावर धुणंभांडी करायची. तिचं माहेर माझ्या मायच्या माहेराजवळ, म्हणून मी तिला मावशी म्हणत असे. ती आणि तिचा तरणा मुलगा किसन, असं दोघांचं घर. किसन खाणीत कोळशाच्या लोखंडी गाड्या ढकलायचा. मी पोचलो तेव्हा मावशी चुलीसमोर बसली होती आणि मसाल्याचा वास सगळ्या लाइनीत सुटला होता.

"ये बाबू, वक्तावर आला," ती म्हणाली. "आज मटन हाय."

"मावशी, थे उतरव. खायचं नाही. खराब आहे."

"खराब? बर्फातलं हाय म्हनते. वास नाई, काही नाई."

"गोठलेल्याचा वास येत नाही."

शेजारच्या दारात एक म्हातारा बिडी ओढत बसला होता. तो म्हणाला, "साहेबाले पार्टीचं आवतन नसंन, म्हनून आमचं पाह्यवत नाई." आजूबाजूच्या बाया हसल्या.

"मीच नापास केलं ते सकाळी," मी म्हणालो.

मावशीने पळी खाली ठेवली. "तू नापास केलं, तं इथं कसं आलं?"

"त्याच्यावर फिनाईल टाकायचं असते. मी टाकलं नाही."

"काहून?"

"बाईसाहेब म्हणाल्या, मी करते."

"अन् तू काय करून राह्यला होता?"

"चहा पेत होतो."

"कपात?"

"कपात."

आता कोणी हसलं नाही. मावशीने चुलीतली लाकडं मागे ओढली.

"तीन वरीस झाले बंगल्यावर," ती म्हणाली. "उरलेली पोळीबी कदी आनली नाई. बाई देते, मी म्हनतो नाई लागत. आज घरी आलं, झाकून आलं, जाळीचा रुमाल टाकून. मले वाटलं, हे उरलेलं नोहे, हे पाहुन्याले पाठवते तसं पाठोलं. म्हनून घेतलं." तिने माझ्याकडे पाहिलं. "तुले कपात देल्लं, मले झाकून देल्लं. दोघंबी सारखेच निंगालो."

तिनेच पातेलं उतरवलं आणि अंगणाच्या कोपऱ्यात नेलं. मी खड्डा केला, त्यात ते टाकून वर फिनाईल ओतलं. तिने दोन घरी वाटा दिला होता. तिथे ती स्वतः माझ्याबरोबर आली आणि त्या बायांना म्हणाली, "माह्या हातानं देल्लं, माह्या हातानं वापस द्या." एकीने अजून धुतलंसुद्धा नव्हतं, दुसरीने शिजत घातलं होतं. तेही खड्ड्यात गेलं. तो जाळीचा रुमाल मावशीने धुऊन, घडी करून बंगल्यावर परत द्यायला बाजूला ठेवला.

मला हायसं वाटलं. तेवढ्यात आठवलं आणि मी विचारलं, "खिमा पण होता ना? तो कुठे आहे?"

मावशी जागच्या जागी उभी राहिली. "खिमा आधी केला. किसन जेवून गेला. दोनच्या पाळीले."

खाणीच्या तोंडावर पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. पाळीवर देखरेख करणाऱ्या ओव्हरमनला मी सांगितलं की किसनला वर काढा. तो म्हणाला, चालत्या पाळीतून माणूस असा काढता येत नाही, लेखी पाहिजे, कारण पाहिजे.

मी कागद घेतला. कारण लिहायचं म्हणजे मॅनेजर साहेबांच्या बंगल्यावरचं मटण, हे लिहावं लागत होतं. ओव्हरमन माझ्या हाताकडे पाहत होता.

"हे लिहून देशीन?" तो म्हणाला. "कायमची नोकरी हाय न तुही?"

कायमची नव्हती. मी लिहिलं की बंगल्यावर नापास केलेलं मटण या माणसाने खाल्लं आहे. मग तिथेच थांबावं असं वाटलं. पण खालच्या ओळीत 'ते नष्ट करण्याचे माझ्याकडून राहिले' असंही लिहिलं आणि सही केली. माझ्या सबंध नोकरीत मी लिहिलेल्या कागदांपैकी हा एकच कागद मला शब्दन् शब्द पाठ आहे.

किसन वर आला तो काळाकुट्ट आणि वैतागलेला. "काय झालं? मी तं ठणठणीत हाओ. मटन बम मस्त होतं बाप्पा." मी त्याला दवाखान्याच्या बाकावर बसवलं. तो बसला, बिडी ओढली, मला म्हणाला, "साहेब, माही पाळी गेली ना." अर्धा तास गेला. मला वाटायला लागलं, आपलं काही तरी चुकलं असेल तर बरं.

चारच्या सुमाराला त्याने पोट धरलं. मग तो बाकावरून खाली वाकला आणि त्याला उलट्या सुरू झाल्या, त्या थांबेनात. डॉक्टरांनी सलाईन लावलं. मावशी उशाशी बसली, मी पायाशी. त्या वेळी तो खाली असता तर चढावर भरलेल्या गाडीमागे असता, हे ओव्हरमन येऊन सांगून गेला. त्याने सांगायची गरज नव्हती.

संध्याकाळी बाईसाहेब स्वतः दवाखान्यात आल्या. पायी आल्या होत्या. किसनकडे पाहून त्यांचा चेहरा उतरला. "मला खरंच वाटलं, नीट शिजवलं की काही राहत नाही," त्या मला म्हणाल्या.

"शिजवल्यावर जंतू मरतात," मी म्हणालो. "त्यांनी आधी करून ठेवलेलं विष तसंच राहतं."

"हे मला कोणी सांगितलं नाही."

खरंच होतं ते. सांगणारा माणूस त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसून केमिस्ट्रीतले मार्क सांगत होता. 'हे लोक दणकट असतात' याचा जाब मात्र मी त्यांना विचारला नाही. विचारायला हवा होता. त्या निघताना मावशी उठली, तो घडी केलेला रुमाल त्यांच्या हातात दिला आणि परत येऊन बसली.

तिसऱ्या दिवशी किसन तांदळाची पेज प्याला. मला म्हणाला, "मटन झकास होतं साहेब. फक्त थांबलं नाई पोटात."

मॅनेजर साहेबांनी मला बोलावलं. माझा कागद त्यांच्यासमोर होता. त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे तुम्हीच लिहिलंत?" मी हो म्हणालो. त्यांनी कागद खणात ठेवला आणि "ठीक आहे" म्हणाले. काय ठीक आहे ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. नोकरी राहिली. पुढच्या वर्षी मी सरकारी खात्यात लागलो तो माझ्या मर्जीने. सोमलाचं नाव कुठेच आलं नाही. फ्रीजचं कुलूपही राहिलं, पण बाईसाहेब गावाला जाताना किल्ली सोमलाकडे देऊन जायला लागल्या, आणि त्याने ती करदोट्याला बांधली. लाइनीत येऊन तो मुद्दाम ती वाजवून दाखवी.

त्यानंतर नोकरीभर मी एक नियम पाळला. ज्या घरी, ज्या हॉटेलात तपासणीला गेलो तिथे चहा घेतला नाही. पुसदला, नेरला, वणीला सगळीकडे लोक म्हणत, चार बुकं शिकला तर माणूस घमेंडी झाला. म्हणू दिलं. काही ठिकाणी तर मी कपाकडे नुसतं पाहत उभा राहिलो आहे आणि चहाचा वास फार चांगला आला आहे.

वणीकडे दौरा असला की मी मावशीकडे जात असे. किसनचं लग्न झालं, त्याची पोरं शाळेत गेली, मावशीच्या डोळ्याला कमी दिसायला लागलं, तरी माझ्या सायकलचा आवाज ती ओळखायची. पुढे सायकलची मोटारसायकल झाली, तिचाही. मी दारात उभा राहिलो की ती आतूनच विचारायची, "टाकलं काय रे फिनाईल?"

मी म्हणायचो, "टाकलं."

"सोताच्या हातानं?"

"स्वतःच्या हाताने."

"मंग बस. चहा ठेवतो."